खारूची उंची

माझे भावजी चौतीस वर्षं नगररचना खात्यात आरेखक होते. लोकांच्या घरांचे नकाशे तपासायचे, संडासाची खिडकी नियमाएवढी आहे की नाही ते बघायचं आणि नसेल तर तिच्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढायचा, हे त्यांचं काम. आमच्या शहरातल्या निम्म्या संडासांत उजेड आहे तो भावजींमुळे. अशा कार्याबद्दल कुणी पुतळा उभारत नाही, आणि उभारलाच तर तो नेमका कुठे बसवायचा हा प्रश्न उरतोच.

संध्याकाळी घरी आले की मागच्या खोलीत बसून ते स्वतःच्या इमारती काढायचे. त्यांना जगातल्या कुठल्याही खात्यानं मंजुरी दिली नसती. उदाहरणार्थ ‘कालचं गोदाम’. यात होऊन गेलेले दिवस घड्या घालून फळ्यांवर रचलेले. पुढच्या फळीपर्यंत हात पोचतो, मागच्या फळ्यांकडे जायला वाटच ठेवलेली नाही. किंवा ‘माफीचा बोळ’. दोन्ही टोकांना ऐसपैस आणि मध्यभागी इतका चिंचोळा, की समोरासमोर आलेल्या दोघांपैकी एकाला पावलं मोजत मागे सरकावंच लागेल. आधी कागदावर चित्र, मग त्याच इमारतीचा पुठ्ठ्याचा नमुना. दारांना सुईच्या नेढ्याएवढ्या कड्या, आणि त्या खरोखर लागायच्या. वर्षाला एक इमारत, कमी नाही की जास्त नाही. सरकारी नोकरीत राहिलेला माणूस स्वप्नंसुद्धा वार्षिक उद्दिष्टाप्रमाणे बघतो.

एकाही इमारतीत माणूस नसे. इमारत केवढी आहे ते कळावं म्हणून नकाशावाले लोक दाराशी एखादा छत्रीवाला किंवा पिशवीवाली बाई उभी करतात. भावजींनी कधी कुत्रंसुद्धा उभं केलं नाही. मी एकदा म्हटलं, "भावजी, एवढ्या जागा रिकाम्या ठेवल्यात, भाड्यानं तरी द्या."

"रिकाम्या नाहीत, मेहुणे," ते म्हणाले. "राहतंय माणूस."

मला तो विनोद वाटला. मी हसलोही होतो. आता ते हसू आठवलं की मान खाजवावीशी वाटते.

माझी ताई पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर असायची. तीन शाळांचे मुलींचे गणवेश तिच्याकडे. मशीनची घरघर पुढे, पुठ्ठा कापायचा आवाज मागे, मधे एक भिंत आणि एक दार. सत्तावीस वर्षांत ताईनं त्या दारापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. चहाचा कप दाराशी स्टुलावर ठेवायची आणि स्टुलाला म्हणायची, "चहा." आतून उत्तर यायचं, "हं."

याचं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणून कुणी बोलत नव्हतं. त्यांना एक मुलगी होती. सगळे तिला खारू म्हणायचे, कारण ती कुठल्याही गोष्टीवर चढायची आणि वर बसून प्रश्न विचारायची. सहाव्या वर्षी तिला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. पंधराव्या दिवशी भावजी ऑफिसात हजर झाले. दुसऱ्या महिन्यात मागच्या खोलीत पुठ्ठा कापायला बसले. ताई तेव्हा मला म्हणाली होती, "लेक गेली आणि हा माणूस बाहुल्यांची घरं करत बसलाय, छोट्या. दीड महिन्यात पुसून टाकली त्यांनी." (मी आता एकसष्ट वर्षांचा आहे. पण छोट्याच आहे.) त्यानंतर त्या घरात खारूचं नाव निघालं नाही. बाकी संसार उत्तम चालला होता. गळका नळ, विजेचा बल्ब, दाराची बेल, सगळ्या विषयांवर दोघं मोकळेपणानं बोलायची.

मग कुठूनसा एका समीक्षकाला भावजींच्या इमारतींचा पत्ता लागला, आणि त्याच्यामागून संग्रहालयाच्या संचालिकाबाई आल्या. सगळे नमुने, सगळी चित्रं संग्रहालय कायमची घेणार, आधी मोठं प्रदर्शन भरवणार असं ठरलं. मी निवृत्त आहे. निवृत्त माणसाला घरात आणि घराबाहेर सामान उचलण्याचा मान मिळतो, त्यामुळे त्या प्रदर्शनाचा मी व्यवस्थापक झालो.

शेवटचं खोकं बांधताना भावजी म्हणाले, "मेहुणे, हिनं एकदा बघायला हवं. मग नेऊ देत काय न्यायचं ते. मी आता थांबणार आहे."

"का?"

"हात थरथरतो. आणि यंदा काही सुचलंही नाही."

"आणि ताईनं नाही बघितलं तर?"

त्यांनी सुतळीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "तर मी सगळं एकट्यानंच केलं, असं होईल. ते बरं नाही."

काय एकट्यानं केलं, ते मी विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याची पद्धत होती. पण एक कळलं, की या माणसाचं सत्तावीस वर्षांचं काहीतरी ताईच्या एका नजरेवर टांगलेलं आहे, आणि ती नजर त्या हॉलमध्ये नेऊन पोचवायची जबाबदारी माझी.

ताई सरळ सांगून येणाऱ्यातली नाही. मी उद्‍घाटनाच्या दिवशी सकाळी तिच्याकडे गेलो आणि म्हटलं, "ताई, त्या हॉलचा काळा पडदा दोन इंच लांब झालाय. जमिनीवर लोळतोय नुसता. आणि टीप अशी मारलीय, की साप गेल्यासारखी."

"मग मला काय सांगतोस?"

"काही नाही. चार वाजता पाहुणे येणार, त्यात पाय अडकून दोन-चार म्हातारे पडतील, एवढंच."

ताईला मृत्यू सहन झाला होता. वाकडी टीप तिला सहन होत नाही. अकरा वाजता ती टेप, कात्री आणि सुईदोऱ्याचा डबा घेऊन हॉलच्या दारात उभी होती.

हॉलची मांडणी भावजींनी स्वतः काढून दिली होती. दोन्ही बाजूंनी प्लायवूडच्या पांढऱ्या भिंती उभ्या केल्या होत्या. नमुने त्या भिंतींच्या मागे बंद पेटीत, आणि भिंतीला प्रत्येक नमुन्यासमोर एक गोल भोक. डोळा लावायचा आणि आत बघायचं. भोकाशेजारी त्या इमारतीचं चित्र, त्याची क्षितिजरेषा बरोबर भोकाच्या उंचीवर. चित्रातलं क्षितिज म्हणजे बघणाऱ्याचा डोळा, एवढं मलासुद्धा समजावण्यात आलं होतं. सत्तावीस चित्रं, सत्तावीस भोकं. शेवटच्या चित्रात नुसती क्षितिजाची रेघ होती आणि शेवटची पेटी रिकामी, कारण यंदा काही सुचलं नव्हतं. भोकं मोठ्या माणसाला वाकायला लावतील अशी खाली सुरू होत आणि पुढे टप्प्याटप्प्यानं चढत. समीक्षकानं यावर सोळा पानांची पुस्तिका लिहिली होती. त्यात भोकांच्या चढणीला ‘क्षितिजाचे त्रैवार्षिक उत्थान’ म्हटलं होतं आणि चार पानं रिकाम्या पेटीवर खर्च केली होती. भरलेल्या पेट्यांना एवढी जागा मिळाली नव्हती.

ताईनं आधी पडदा उसवला, पुन्हा दुमडला, टीप मारली. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिची नजर भिंतीवरून फिरली. सुतार एका कोपऱ्यात हत्यारं आवरत होता.

"ही काय भोकं आहेत?"

"आत बघायला, ताई."

"ते दिसतंय मला. कुणाच्या मापानं पाडलीत?"

"साहेबांनी यादी दिली होती, बाई," सुतार म्हणाला. "इंचात."

ताई पहिल्या भोकापाशी गेली. आत बघितलं नाही. टेपचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं आणि वर ताणलं. बेचाळीस. मी तिला हजार वेळा माप घेताना पाहिलंय, पण टेप धरलेला तिचा हात इतका हळू खाली आलेला कधी पाहिला नव्हता. दुसरं भोक. बेचाळीस. तिसरं, बेचाळीस. चौथं सत्तेचाळीस. तिथून ती परत पहिल्याकडे आली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली.

"ताई, पाणी देऊ?"

"त्यांना बोलव."

भावजी भिंतीमागेच होते, पेट्यांचे दिवे लावत. हातात डिंकाचा ब्रश घेऊन बाहेर आले आणि ताईला बघून जागच्या जागी थांबले.

"आलीस?"

"पडद्यासाठी आले." मग टेप गुंडाळत, "बेचाळीस म्हणजे काय?"

भावजींनी ब्रश दुसऱ्या हातात घेतला.

"डोळा बेचाळीस म्हणजे उंची सेहेचाळीस. पोलक्याची लांबी पंधरा, परकर सव्वीस. सात वर्षांची मुलगी. मी डोळे मिटून कापू शकते." ताईचा आवाज अगदी साधा होता, भाजी निवडताना असतो तसा. "आपली गेली तेव्हा सहाची होती. हे पुढच्या वर्षीचं ना?"

"हो."

"खारूचं."

"हो," भावजी म्हणाले. "ती बघते तिथून."

सत्तावीस वर्षांनी ते नाव कुणीतरी मोठ्यानं घेतलं होतं, आणि मला उगाचच मागे वळून बघावंसं वाटलं. सुतारानं माझ्या आधी बघितलं. मागे कुणी नव्हतं. पडदा काय तो हलत होता, आणि आता तो जमिनीला लागत नव्हता.

मला वाटलं, आता ताई रडेल. ताई उठली, साडीची धूळ झटकली आणि टेप भावजींच्या नाकासमोर धरला.

"आणि दुसरं भोक किती? बेचाळीस. तिसरं? बेचाळीस. म्हणजे माझी मुलगी नवव्या वर्षापर्यंत तसूभर वाढली नाही, आणि दहाव्या वर्षी सकाळी उठली ती एकदम पाच इंच? कुठल्या मुलीला वाढताना बघितलंत असं?"

"तक्ता होता," भावजी म्हणाले.

"कसला?"

"शालेय इमारतींच्या नियमपुस्तकात. सात ते नऊ लहान गट, दहा ते बारा मधला गट, तेरा ते पंधरा मोठा गट. वॉशबेसिनवरचा आरसा कुठे लावायचा त्यासाठी डोळ्याची उंची दिलेली असते. अधिकृत आकडे आहेत, मी काही मनानं—"

"मुलगी होती का वॉशबेसिन?"

सुतारानं तोंडावर हात घेतला. मी पुस्तिकेत तोंड घातलं. क्षितिजाचं त्रैवार्षिक उत्थान कुठून आलं ते मला त्या क्षणी कळलं, आणि समीक्षकाला ते कधीही कळू नये अशी मी मनोमन इच्छा केली.

"मग मी कुणाला विचारणार होतो?" भावजी म्हणाले.

"मी पलीकडच्या खोलीत होते."

भावजी ब्रशचे केस बोटानं सरळ करत राहिले.

"दर वर्षी," ताई म्हणाली, आता जरा खालच्या आवाजात, "शाळा उघडायच्या आधी मी एक गणवेश जास्तीचा शिवायचे. तिचा. खाली दुमड ठेवून, वर्षभरात सोडायला लागते ती. हँगरला आठ दिवस लावायचे आणि मग कुणाच्यातरी मुलीला देऊन टाकायचे. तुम्ही जाता-येता बघत होतात. गिऱ्हाइकाचा असेल वाटलं असेल."

"वाटलं."

"आणि मला वाटलं, तुम्ही बाहुल्यांची घरं करताय."

मी भिंतीला टेकून उभा होतो. पुढची खोली आणि मागची खोली, मधे एक दार. एकीत एक मुलगी दर वर्षी दोन इंचांनी वाढत होती आणि दुसरीत तीच मुलगी सरकारी गटांप्रमाणे. एकीची दुसरीला खबर नव्हती. संध्याकाळी चहाचा कप स्टुलावर ठेवला जायचा, तेव्हा त्या दारात कोण कुणाला ओलांडून जात असेल, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो लगेच काढून टाकला. पण असे विचार काढले तरी टोपलीत पडून राहतात.

ताईनं सुताराकडे बघितलं. "दादा, भोकं पाडायचं यंत्र आहे ना? पेन्सिल घ्या. दुसरं चव्वेचाळीस, तिसरं सेहेचाळीस. चौथं अठ्ठेचाळीस, पाचवं एक्कावन्न, सहावं त्रेपन्न. अकरा-बाराला मुली ताडमाड होतात. सातवं पंचावन्न, आठवं छप्पन्न, मग अर्धा इंच आणि सोळाव्या वर्षाला सत्तावन्न. पुढे सगळं सत्तावन्न. मुली तिथे थांबतात."

"पुढचं मी बासष्ट धरलंय," भावजी म्हणाले. "प्रौढ व्यक्ती. तक्त्याप्रमाणे."

"डोळा बासष्ट? म्हणजे साडेपाच फूट मुलगी? आपल्या दोघांच्या घरात?" ताई त्यांच्याकडे खालून वर बघत होती, आणि भावजींचीही उंची बघायला मान फार वर करावी लागत नाही. "कुणाकडून आणलीत एवढी उंची?"

यंत्र सुरू झालं आणि त्या आवाजानं संचालिकाबाई धावत आल्या. पांढऱ्या भिंतीवर नवी भोकं पडताना बघून त्यांचा चेहरा भिंतीसारखा झाला.

"अहो, हे काय! चार वाजता उद्‍घाटन आहे. पुस्तिका छापून झाल्यात. उत्थानाचे टप्पे हाच प्रदर्शनाचा गाभा आहे!"

"टप्पे चुकले होते, बाई," ताई म्हणाली. "मुलगी रोज वाढते."

"कुठली मुलगी?"

"आमची," भावजी म्हणाले.

संचालिकाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. कोणत्या अर्थानं ते त्यांनी ठरवावं. त्या बाहेर गेल्या आणि जाताना दार फार हलकेच लावलं.

बाराव्या वर्षाच्या इमारतीपाशी सहा इंचांचा फरक होता. तिचं नाव ‘ऐकू येणारं घर’. खारूनं बाराव्या वर्षी विचारलं होतं, की मनातलं कुणाला ऐकू जातं का. हे भावजींनी सांगितलं ते "विचारलं होतं" असंच सांगितलं, आणि ताईनंही "कधी?" असं न विचारता "मग?" असं विचारलं. ते घर म्हणजे खोलीत खोली, तिच्यात आणखी खोली. भिंती कागदाच्या, आणि मधोमध एक खोली जाड भिंतींची, जिच्यातलं बाहेर ऐकू येत नाही. जुन्या भोकातून बघितलं तर ती जाड भिंतच दिसायची, बाकी काही नाही. नव्या भोकातून ताईचा डोळा भिंतीवरून पलीकडे गेला.

"आत खुर्ची आहे," ती म्हणाली.

"असेल. केली होती. दिसत नव्हती म्हणून विसरलो." भावजी डोळा लावायला पुढे झाले आणि वाकलेले तसेच राहिले. "मी ती भिंतीकडे तोंड करून चिकटवली होती."

"मग?"

"आता इकडे तोंड आहे."

"ने-आण करताना हलली असेल, साहेब," सुतार म्हणाला. तो चांगला माणूस होता.

"चिकटवली होती," भावजी पुन्हा म्हणाले, पण तक्रारीच्या सुरात नाही.

सुतारानं जुनी भोकं लाकडी बुचं ठोकून बंद करायला घेतली, तेव्हा ताईनं त्याला अडवलं. "खालची राहू देत."

"दोन-दोन कशाला, बाई? वाईट दिसतं."

"ती बसलेली असेल तेव्हा कुठून बघणार?"

सुतारानं बुचं पिशवीत परत टाकली.

सोळाव्या वर्षाशी पहिली भिंत संपली. ताई तिथे थांबली. समोर हॉलच्या पलीकडे दुसरी भिंत होती, सतरा भोकांची, आणि तिकडे तिचा पाय उचलेना.

"पुढचं मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "शाळा संपली की गणवेश संपला. त्या वर्षी मी कापड घेऊन बसले आणि कळेना काय शिवायचं. तिथे माझी सुटली ती." मग भावजींच्या बाहीला तिनं धरलं, दोन बोटांनी, कापडाचा पोत बघतात तसं. "तुमच्याकडे होती का पुढे?"

"होती."

"बरी होती?"

"फार प्रश्न विचारायची."

"ते तुमच्याकडे. माझ्याकडे गप्प असायची. मान वर करून उभी राहायची, माप देताना."

दोघं हॉल ओलांडून गेली. मी मधेच उभा राहिलो. भावजी एकेका भोकापाशी सांगत होते आणि ताई डोळा लावत होती. एकोणिसाव्या वर्षी ती कुणाशी तरी भांडून घर सोडायला निघाली होती, म्हणून एक स्टेशन, ज्याच्या सगळ्या गाड्या फिरून त्याच फलाटाला लागतात. "कुणाशी भांडली?" "माझ्याशी." "बरोबर असेल तिचं." चोविसाव्या वर्षी एक ग्रंथालय, ज्यात न लिहिलेली पत्रं ठेवायची. ताईनं तिथे नुसतं "हं" केलं.

एकविसाव्या वर्षाचं भोक भावजींनी न सांगता ओलांडायला बघितलं होतं. ताईनं परत मागे येऊन विचारलं, "हे काय राहिलं?"

"न्यायालय आहे."

"काय विचारलं होतं तिनं?"

भावजींनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. "विचारलं, की तो ताप आला तेव्हा चूक कुणाची होती."

मला ते दिवस आठवतात. पहिल्या दिवशी ताई म्हणाली होती, उद्या उतरेल. दुसऱ्या दिवशी भावजींना ऑफिसात कसली तपासणी होती आणि ते गेले होते. या दोन वाक्यांवर त्या घरातली सत्तावीस वर्षं उभी होती, आणि कुणीही कुणाला त्यांपैकी एकही वाक्य कधी ऐकवलं नव्हतं.

ताईनं डोळा लावला. आत एक गोल दालन होतं. न्यायाधीशाची खुर्ची आणि आरोपीचा पिंजरा समोरासमोर, आणि खालची जमीन अगदी हळू फिरणारी. भावजींनी घड्याळाचं यंत्र बसवलं होतं. तासाभरात खुर्ची पिंजऱ्याच्या जागी यायची आणि पिंजरा खुर्चीच्या.

"निकाल कुठे देतात?" ताईनं डोळा न काढता विचारलं.

"निकालाची खोली नाही काढली. जागा उरली नाही."

ती तिथे किती वेळ वाकून होती सांगता येणार नाही. पण ती सरळ झाली तेव्हा खुर्ची निम्म्या वाटेवर आलेली असणार.

शेवटच्या पेटीपाशी पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. बाहेर माणसांची कुजबुज सुरू झाली होती आणि समीक्षकाचं खाकरणं त्यात वेगळं ओळखू येत होतं. ताईनं सत्तावन्नाच्या नव्या भोकातून बघितलं. आत पांढरी जमीन, चार पांढऱ्या भिंती, एक दिवा.

"इथे काही नाही."

"यंदा तिनं काही विचारलंच नाही," भावजी म्हणाले. "मी वर्षभर वाट बघितली. मग वाटलं, आता थांबायचं. मोठी झाली. तिलाही कंटाळा आला असेल माझ्या इमारतींचा. म्हणून म्हटलं, तू एकदा बघ आणि देऊन टाकू."

ताईनं पुन्हा डोळा लावला. ती रिकामी पेटी ती ज्या तऱ्हेनं बघत होती, तसं मी तिला एकदाच बघताना पाहिलं होतं, एका नवऱ्या मुलीच्या आईनं कापड पसरल्यावर. काय बेतता येईल ते बघत होती.

"कंटाळा नाही," ती म्हणाली. "तेहतीस वर्षांची झाली. तिला विचारायला वेळ कुठे असणार?"

"का?"

ताई सुताराकडे वळली. "दादा, इथे अजून एक पाडा. खाली."

"किती वर?"

"अठ्ठावीस."

"इंच?" सुतारानं आपल्या मांडीपाशी हात धरून दाखवला. "एवढ्या खालून कोण बघणार, बाई?"

"पाडा तुम्ही."

यंत्र फिरलं. पांढऱ्या रंगाखालचा पिवळा भुसा जमिनीवर पडला. भावजी त्या भोकाकडे बघत होते. या वेळी त्यांना कुठल्याही तक्त्याची गरज पडली नाही, कारण शाळेच्या इमारतींत इतक्या लहान माणसासाठी काहीच नसतं. त्यांनी वाकून भोकाच्या कडेचा भुसा बोटानं पुसला.

"केवढं आहे?"

"दीड वर्षाचं. चालायला लागलंय, धरून धरून."

बाहेरून दारावर टकटक झाली. चार वाजले होते. मी जाऊन दाराची कडी घातली आणि परत आलो. भावजी आधी एका गुडघ्यावर आले, मग दुसऱ्या, मग हात टेकून पार जमिनीवर बसले. अडुसष्टाव्या वर्षी हे सगळं आवाजासकट होतं. त्यांनी गाल भिंतीला लावला आणि डोळा भोकाला.

"काय दिसतंय?" ताईनं वरून विचारलं.

"जमीन. फार जवळ आहे इथून." पुन्हा टकटक झाली. "पलीकडे जायला काही नाही त्याला. एखादी पायरी तरी हवी." त्यांनी मागे हात केला, आणि तो हात थरथरत होता, तरी मी खिशातली पेन्सिल त्यात दिली. भुसा बाजूला सारून त्यांनी जमिनीवरच एक रेघ ओढली. फारशी सरळ आली नाही.

"केवढी करू?" त्यांनी ताईला विचारलं.

"चार इंच," ताई म्हणाली. "त्याहून उंच नको. पडेल ते."